बरणीवरची ‘इंडिका’

“मावशी, हे इंडिका आहे. गोड असतं, शांत झोप लागते. आणि नाव बघ ना, मुळात आपलंच आहे.”

गेल्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात भाच्याच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्याशी मी हे वाक्य ऐकलं. काचेची छोटी बरणी त्याने उघडून माझ्या पुढे धरली. पर्पल पंच हे वाणाचं नाव. भाचा चौतिशीचा आहे, त्या राज्यात २०१६ च्या सार्वमतानंतर प्रौढांना गांजा बाळगायची मुभा आहे, २०१८ पासून दुकानांतून तो उघड विकला जातो. त्याने काय ओढावं यावर मी त्याच्याशी भांडले नाही. भांडले ते त्या वाक्याशी. एकतीस वर्षं मी बी. फार्म.च्या मुलांना फार्माकॉग्नसी शिकवली. वनस्पतीच्या नावाने औषधाची ओळख पटत नाही, ओळख पटवावी लागते, हेच शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. आणि माझ्याच घरातला मुलगा नाव, वास आणि गुण एका दमात एकमेकांना बांधून मोकळा झाला होता.

हे वाक्य त्याचं एकट्याचंही नाही. तिथल्या दुकानातला विक्रेता हेच सांगतो: इंडिका रात्रीसाठी, सटायवा दिवसासाठी, आणि मिठाईच्या वासाची इंडिका म्हणजे सगळ्यात सौम्य. पुण्यात परतल्यावर बँकॉकला जाऊन आलेल्या तरुणांच्या तोंडून मी तेच ऐकलं. म्हणून हा प्रतिवाद लेखी करते आहे.

आधी त्या बरणीत जे होतं त्याला न्याय देते. फुलोऱ्याच्या कळ्या गच्च, आवळ्याएवढ्या, हिरव्यात जांभळ्याची झाक, वर राळेच्या ग्रंथींची पांढरी साय. वास खरोखरच विलक्षण होता. लहानपणीच्या द्राक्षाच्या गोळीचा, मागून लोणी-साखरेचा, भाजलेल्या केकसारखा. द्राक्षाचा म्हणाले नाही, गोळीचा म्हणाले. नाशिकच्या द्राक्षांना हा वास नसतो. तो अमेरिकेतल्या काँकर्ड द्राक्षाचा, आणि त्याची नक्कल करून गोळ्या बनल्या. पर्पल पंचची वंशावळ लॅरी ओजी आणि ग्रँडडॅडी पर्पल अशी सांगतात. पैदासकारांनी वासासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, हे कौशल्याचं काम आहे आणि ते मी मानते. जांभळा रंग अँथोसायनिनचा. जांभळात, वांग्याच्या सालीत असतं तेच रंगद्रव्य. त्याचा नशेशी काडीचा संबंध नाही. तरी “जितकं जांभळं तितकं भारी” असं भाच्याच्या मित्रांपैकी दोघांनी मला ठामपणे सांगितलं.

आता ‘इंडिका’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळा पसारा त्याच्यावर उभा आहे.

लिनियसने १७५३ मध्ये युरोपात दोरखंडासाठी लावतात त्या झाडाला ‘कॅनाबिस सटायवा’ म्हटलं. बत्तीस वर्षांनी, १७८५ मध्ये, फ्रान्सच्या लामार्कपुढे भारतातून आलेले नमुने होते. ते त्याला वेगळे दिसले: झाड लहान, खोड कडक, साल पातळ, त्यातून दोरासाठी धागा निघणार नाही, पर्णिका अरुंद, वास उग्र. त्याने त्याला ‘कॅनाबिस इंडिका’ हे नाव दिलं आणि त्याच्या नशेबद्दलही लिहिलं. ती डोक्यात चढते, दुःख विसरायला लावते आणि माणसाला खूप आनंदी करते, असा त्याच्या लिहिण्याचा आशय. म्हणजे ज्या माणसाने ‘इंडिका’ हे नाव ठेवलं, त्याने तिचं वर्णन अरुंद पानाची आणि खुलवणारी असं केलं. आज दुकानात ‘इंडिका’ म्हणून जे सांगतात ते याच्या बरोबर उलटं आहे: रुंद पानाची, अंग जड करून कोचावर खिळवणारी.

ही उलटापालट कधी झाली? १९७० च्या दशकात. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स शुल्टेस अफगाणिस्तानात गेले, तिथली चरसासाठी लावलेली बुटकी, रुंद पानांची झाडं पाहिली आणि १९७४ च्या लेखात ‘इंडिका’ हे नाव त्यांना लावलं. त्याच काळात हिंदुकुशच्या परिसरातलं बियाणं कॅलिफोर्नियात आणि हॉलंडमध्ये पोचत होतं. बागाईत करणाऱ्यांनी हे नाव उचललं. उरली ती भारतातली, थायलंडमधली, मेक्सिकोतली उंच, अरुंद पानांची झाडं. ती ‘सटायवा’ झाली. केरळच्या इडुक्कीच्या डोंगरातला गांजा आज परदेशी व्यापारात ‘सटायवा’ म्हणून मिरवतो. ज्या झाडामुळे नावात ‘इंड’ आलं ते झाड नावातून बाहेर पडलं, आणि अफगाणी झाड आत आलं.

शास्त्रात यावर वाद झाले आहेत आणि होत राहतील. स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट यांनी १९७६ मध्ये एकच प्रजाती मानून तिचे दोन पोटप्रकार केले आणि सीमारेषा टीएचसीच्या, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याच्या, ०.३ टक्क्यावर आखली. मॅकपार्टलंड आणि स्मॉल यांनी २०२० मध्ये दक्षिण आशियाई आणि अफगाणी गांजा हे वेगवेगळे उपवाण धरले, आणि ‘इंडिका’ हे नाव पुन्हा दक्षिण आशियाई झाडाला दिलं. यातली कुठलीही मांडणी मान्य करा. ‘इंडिका म्हणजे झोप’ हे त्यांपैकी एकीतही सापडणार नाही.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं, आणि ते कच्चं नाही. “नाव चुकलं असेल मावशी, पण शब्दाला आता रूढ अर्थ आला. इंडिका म्हटलं की काय मिळणार ते घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला कळतं.” भाषेच्या दृष्टीने हे म्हणणं चालतं. पण मग रूढ अर्थाप्रमाणे बरणीत माल तरी निघायला हवा. तो निघत नाही.

कॅनडातल्या सॉलर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये गांजाच्या वाणांचं जनुकीय वाचन केलं. त्यात एक जमैकन ‘सटायवा’ एका अफगाणी ‘इंडिका’च्या जवळजवळ जुळी निघाली, आणि एकाच नावाखाली विकले जाणारे नमुने अनेकदा एकमेकांशी जुळले नाहीत. २०१९ मध्ये श्वाबे आणि मॅक्लॉफ्लिन यांनी अमेरिकेतल्या दुकानांतून ३० नावांचे १२२ नमुने घेतले. तिथेही तेच: नाव एक, आत जनुकं वेगळी. २०२२ मध्ये सहा राज्यांतल्या जवळपास ९०,००० नमुन्यांच्या प्रयोगशाळेतल्या मोजण्या तपासल्या गेल्या, आणि इंडिका, सटायवा, हायब्रिड या चिठ्ठ्या आतल्या रसायनांशी जुळल्या नाहीत. एखाद्या आयुर्वेदिक कारखान्याने ‘अश्वगंधा’च्या डब्यात दर वेळी वेगळंच मूळ भरलं असतं, तर आपण त्याला रूढ अर्थ म्हणालो असतो का?

एक अभ्यास माझ्या विरोधात जातो असं वाटू शकतं, म्हणून तो मी स्वतःच पुढे ठेवते. २०२१ मध्ये कॅनडा आणि हॉलंडच्या संशोधकांना चिठ्ठीचा थोडा मेळ सापडला, पण मोजक्या टर्पीनांशी, म्हणजे झाडातल्या वासाच्या द्रव्यांशी. मर्सीनसारख्या मातकट वासाच्या टर्पीनांची झाडं ‘इंडिका’ म्हणून खपत होती, गोडसर वासाची ‘सटायवा’ म्हणून. त्याचा अर्थ एवढाच की लोक हुंगून नाव ठेवतात. आणि तसं असेल तर ‘फळांच्या गोड वासाची इंडिका’ हा शब्दप्रयोग व्यापाराच्याच मोजपट्टीवर स्वतःलाच छेद देतो.

वासाकडे जरा थांबू, कारण माझा जीव तिथे रमतो आणि फसवणूकही तिथेच जास्त होते.

समजूत अशी की फळांचा वास टर्पीनांचा, टर्पीन मेंदूवर काम करतात, म्हणून वास म्हणजेच परिणाम. पहिलाच दुवा कच्चा आहे. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की एकसारखा टर्पीनांचा आराखडा असलेल्या दोन गांजांचे वास पार वेगळे असू शकतात. फरक पाडणारी द्रव्यं सूक्ष्म प्रमाणात असतात: उष्णकटिबंधी फळांच्या वासाला गंधकयुक्त थायोल, म्हणजे पॅशन फ्रूट आणि ग्रेपफ्रूटमध्ये आढळणाऱ्या जातीचे, उग्र, रासायनिक वासाला स्कॅटोलसारखी द्रव्यं. नाकाला ती इतक्या कमी मात्रेत कळतात की त्यांच्याकडून झोप येण्याची अपेक्षा करणं म्हणजे केवड्याच्या अत्तराने ताप उतरवण्यासारखं आहे.

मग आंब्याची गोष्ट येते. “आंबा खाऊन ओढलं की जास्त चढतं, कारण आंब्यात मर्सीन असतं.” हे मी सॅन होजेतल्या मराठी घरात ऐकलं, समोर कॅनमधला आमरस होता. आपल्या हापूसचा सुवास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी बारकाईने तपासला आहे. त्यात ठळक आहे ते ओसिमीन, आणि पिकताना येणारे लॅक्टोन. मर्सीनची आख्यायिका निदान हापूसवर तरी लादू नका. मर्सीनने उंदीर सुस्तावल्याच्या प्रयोगांचा दाखला देतात. तिथली मात्रा शरीराच्या दर किलोमागे शेकडो मिलिग्रॅम होती. एका चिलमीतून फुप्फुसात जाणाऱ्या मर्सीनशी त्याची तुलनाच होत नाही.

उलट बाजूही सांगते. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये २० प्रौढांवर झालेल्या नेटक्या प्रयोगात ३० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर १५ मिलिग्रॅम लिमोनीन वाफेतून दिल्यावर टीएचसीने येणारी घबराट कमी झाली. म्हणजे एखादं टर्पीन खरोखर काही करू शकतं. पण तो प्रयोग मोजलेल्या, शुद्ध द्रव्यावर झाला. तो लिमोनीनबद्दल बोलतो. बरणीवरच्या ‘इंडिका’बद्दल, ‘द्राक्षाची चव’बद्दल तो एक अक्षर बोलत नाही. विक्रेत्याने मात्र तो मुद्दा उचलून आपल्या प्रत्येक गोड वाणावर चिकटवला.

भाच्याला यात सगळ्यात खरं वाटत होतं ते झोपेचं. “पण मला लागते ना झोप!” लागत असेल. टीएचसीने सुरुवातीला झोप लवकर येते, हे बऱ्याच जणांच्या बाबतीत खरं आहे. त्यासाठी जांभळा रंग लागत नाही, द्राक्षाचा वास लागत नाही, इंडिका लागत नाही, टीएचसी लागतं. आणि रोज रात्री घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते, मात्रा वाढवावी लागते. थांबवलं की झोप उडते, स्वप्नं भडक आणि त्रासदायक होतात. गांजा सोडल्यावरच्या या लक्षणांना अमेरिकेच्या मनोविकार संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तकात स्वतंत्र विकार म्हणून स्थान दिलं. माझा भाचा महिन्याभराने भारतात आला तेव्हा पहिल्या पाच रात्री माझ्याकडे गच्चीत येरझारा घालत होता. तो म्हणाला, जेटलॅग. पाचव्या रात्री म्हणाला, तिथे असतो तर पर्पल पंचने लगेच झोपलो असतो. ज्याने झोप आली असं त्याला वाटत होतं, त्याच्याच अभावी झोप जात होती, आणि त्याच्या हिशेबात ते ‘सौम्य’ होतं.

सौम्य या शब्दावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. मिसिसिपी विद्यापीठ अमेरिकेत जप्त झालेला गांजा वर्षानुवर्षं मोजत आलं आहे. १९९५ मध्ये त्यात सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ मध्ये १२ टक्के. मिठाईच्या नावाच्या आजच्या बरण्यांवर २० टक्क्यांच्या वरचे आकडे छापलेले असतात. ते आकडेही भरवशाचे नाहीत: कोलोरॅडोत १० दुकानांतले २३ नमुने तपासले तेव्हा सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास भरली, बहुतेक चिठ्ठ्या फुगवलेल्या निघाल्या. पण फुगा काढून टाकला तरी १५ टक्के म्हणजे नव्वदीतल्या मालाच्या जवळजवळ चौपट. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत आलेल्या युरोप आणि ब्राझीलमधल्या अभ्यासात १० टक्के आणि त्यावर टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीच्या पहिल्या झटक्याची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या सुमारे पाचपट आढळली. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही हे मला ठाऊक आहे. संबंध मात्र दाखवतो, आणि तो टीएचसीच्या ताकदीशी दाखवतो. त्यात गोड वासाला कुठेही सवलत नाही. वास गोड झाला म्हणून टीएचसी पातळ होत नाही. दुसरा झुरका सहज घेतला जातो, एवढंच होतं.

आपल्याकडे हे आपण पाहिलेलं आहे. गुटखा घराघरांत शिरला तो तंबाखूच्या कडवट चवीने नव्हे. केवडा, वेलची, गुलाब, गोड सुपारी यांनी वाट करून दिली, शाळकरी मुलांच्या खिशापर्यंत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली आणि पुढे सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही त्यात घेतली, कारण वासच सापळा होता हे तोवर कळलं होतं. अमेरिकेनेही २००९ मध्ये मेन्थॉल सोडून सिगारेटमधल्या सगळ्या चवींवर बंदी घातली. त्याच अमेरिकेत आज गांजाच्या वाणांची नावं वेडिंग केक, जेलाटो, आइस्क्रीम केक. स्किटल्स गोळ्या बनवणाऱ्या रिगली कंपनीला २०२१ मध्ये ‘झ्किटल्झ’ नावाच्या वाणामागच्या व्यापाऱ्यांविरुद्ध कोर्टात जावं लागलं. सहा वर्षांखालच्या मुलांनी घरातला खाण्याचा गांजा चुकून खाल्ल्याच्या घटना तिथल्या विषबाधा केंद्रांकडे २०१७ मध्ये २०७ नोंदल्या गेल्या, २०२१ मध्ये ३,०५४. ती खाण्याची उत्पादनं होती, फुलोरा नव्हे. हा फरक मी पुसणार नाही. पण ज्या घरात गांजाचं नाव ‘केक’ आहे, तिथे तीन वर्षांच्या मुलीला काय सांगून बरणीपासून लांब ठेवणार? भाच्याला मुलगी आहे म्हणून विचारलं. त्याच्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं, आणि मी ताणलं नाही.

राहिलं ‘आपलंच आहे’. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो प्रेमाने येतो. परदेशात राहणाऱ्याला कुठल्याही गोष्टीत आपलं काही सापडलं की बरं वाटतं. पण आपलं काय होतं ते नीट पाहू. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने हजारावर साक्षी घेऊन सात खंडांचा अहवाल दिला. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात गांजाची लागवड होती ती प्रामुख्याने अहमदनगर जिल्ह्यात. अहवालाने भांग, गांजा आणि चरस या तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवल्या: पानं, मादी झाडाचा फुलोरा, राळ. बंगालात नर झाडं ओळखून उपटणाऱ्याला ‘पोद्दार’ म्हणत, कारण परागीकरण झालं की फुलोऱ्यातली राळ घटते. हे ज्ञान आपलं होतं आणि त्यात भेद करण्याची शिस्त होती. होळीला थंडाईत घातलेली भांग आणि २० टक्क्यांचा, दिव्याखाली वाढवलेला फुलोरा यांना एकाच ‘आपलं’मध्ये कोंबणं म्हणजे ती शिस्तच मोडणं. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानेही हा भेद राखला आहे: पानं वेगळी, फुलोरा गांजा. त्या फुलोऱ्याला द्राक्षाचा वास असो की कापराचा, कायदा विचारत नाही. बँकॉकहून मुंबई विमानतळावर ‘हायड्रोपोनिक’ची, म्हणजे मातीविना वाढवलेल्या गांजाची, पाकिटं घेऊन उतरणाऱ्यांपैकी किती जणांना वाटत असेल की हे भांगेसारखंच, नावही भारतीय? त्यांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

मुलांना प्रॅक्टिकलमध्ये मी गांजाची कायमस्वरूपी स्लाइड दाखवत असे. पानावर शंकूच्या आकाराचे एकपेशी केस असतात, त्यांच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा खडा. चूर्णावर आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. फुलोऱ्यावरच्या ग्रंथीकेसांत राळ असते, टीएचसी त्या राळेत. केसाच्या आकारावरून, आम्लाच्या थेंबावरून ओळख पटवायची, नावावरून नाही, हे वाक्य माझ्या प्रत्येक तुकडीने वहीत लिहून घेतलं आहे.

भाचा परत गेल्यावर त्याने बरणीच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, मीच मागितला होता. सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘इंडिका’. त्याखाली द्राक्षांचा घोस. प्रयोगशाळेचा अहवाल तळाशी, अक्षर इतकं बारीक की फोटो मोठा करून वाचावा लागला: टीएचसी २४ टक्के, तपासणीची तारीख आठ महिन्यांपूर्वीची, टर्पीनांची यादी नाही. मी त्याला फोन केला आणि विचारलं, यातली कुठली ओळ वाचून तू ही घेतलीस? तो काही वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “वरची.”